झालंच समजा

ही घटना शंभर टक्के खरी आहे.

यात मी पदरचं एक अक्षरही घातलेलं नाही. जिच्या घरात हे घडलं ती माझी सख्खी थोरली बहीण आहे, आणि शेवटच्या दिवशी मी स्वतः तिथे हजर होतो. देवाशपथ सांगतो.

माझी बायको म्हणते, देवाशपथ म्हणायला आधी देव मानावा लागतो.

तिचा मुद्दा बिनतोड आहे. पण घटना खरी आहे.

अशा गोष्टी अमावास्येच्या रात्री, बाहेर वादळ-बिदळ असताना घडल्या की वाचणाऱ्यालाही बरं वाटतं. ही घडली मंगळवारी दुपारी, जेवणं आटोपल्यावर. लख्ख ऊन होतं. त्याला माझा इलाज नाही.

आधी ताईबद्दल.

ताईचा आवाज तुम्ही बहुतेक ऐकलेला आहे. वीज गेली, गॅस संपला, बँकेनं पैसे गिळले, की आपण तक्रारीला फोन लावतो. मग एक बाई अत्यंत गोड आवाजात सांगते, "आपण रांगेत आहात. आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे." त्यातल्या बऱ्याच बाया म्हणजे माझी ताई. तिला आजवर जेवढ्या शिव्या बसल्या असतील तेवढ्या एखाद्या पुढाऱ्यालाही बसल्या नसतील. ती मनावर घेत नाही. म्हणते, "शिव्या देतोय म्हणजे माणूस लाइनवर थांबलाय. माझं काम झालं."

हे काम ती घरूनच करते. एक जुनं लाकडी कपाट रिकामं करून तिनं त्याला आतून रजया ठोकल्या आहेत. त्यात स्टूल टाकून बसायचं, कानाला हेडफोन, समोर माईक, आणि दार ओढून घ्यायचं. मी तिला एकदा म्हणालो, "तू जगातली एकमेव बाई आहेस जी कमावण्यासाठी कपाटात जाऊन बसते." ती म्हणाली, "बाकीच्या जातात त्या ऑफिसांना खिडक्या तरी कुठे असतात?"

माईक मात्र भलताच तिखट कानाचा. शेजारी कुणाला उचकी लागली तरी टिपायचा. म्हणून ताईनं मुद्दाम शांत जागा शोधली. तीन मजली इमारत, मधल्या मजल्यावरचं घर.

"इथे टाचणी पडली तरी ऐकू येईल," घरमालक म्हणाले होते.

हे खोटं नव्हतं. टाचणी वरच्या मजल्यावर पडली तरी खाली ऐकू यायची.

पण वरच्या मजल्यावर टाचण्या पडत नव्हत्या. वजनं पडायची.

वर पैलवान राहायचा. पैलवान हे आम्ही ठेवलेलं नाव. तो व्यायामशाळेत शिकवायचा सकाळी आणि संध्याकाळी. दुपारी घरी येऊन जे शिकवलं त्याची उजळणी करायचा. लोखंडी वजन उचलायचं, हुंकार द्यायचा आणि सोडून द्यायचं. धाडकन. त्याची बायको दुपारभर आईशी फोनवर बोलायची. तिला खरं म्हणजे फोनची गरज नव्हती.

ताई एकदा वर जाऊन सांगून आली.

"दुपारी तेवढं वजन जरा हळू ठेवाल का?"

"काकू, हळू ठेवलं तर मसल बनत नाही."

"मग खाली गादी टाका एखादी."

"गादी दिसली की झोप येते."

आतून बायको ओरडली, "कोण आलंय?"

"खालच्या काकू! आवाज येतो म्हणतायत!"

"कुणाचा? आपला?" हे ती इतक्या जोरात म्हणाली की समोरच्या इमारतीतल्या एका माणसानं खिडकीतून मान हलवून हो म्हटलं.

ताईला वजनापेक्षा 'काकू' जास्त लागलं. पैलवान स्वतः चाळिशी ओलांडलेला होता.

आता मालक. मालक म्हणजे अत्यंत गोड माणूस. त्यांच्या तोंडून नकार असा कधी निघालाच नाही. ताईनं राहायला आल्या आल्या त्यांना सांगितलं होतं. खिडकीची काच तडकली आहे, बाथरूमची कडी आतून अडकते, आणि वरच्यांचा आवाज.

"काच, कडी, आवाज," मालक म्हणाले. "झालंच समजा."

आश्वासन देण्याची ही सोय आपल्या भाषेत फार सुंदर आहे. काम अजून सुरूही झालेलं नसतं, आणि ते भूतकाळात गेलेलं असतं. ऐकणाऱ्याला वाटतं, संपलं. मालकांना तर खरोखरच वाटायचं की संपलं. दर वेळी आठवण केली की ते दुखावल्यासारखे बघायचे. एकदा झालेलं काम ही बाई परत का सांगते?

काच तडकलेलीच राहिली. कडी अडकतच राहिली. ताई बाथरूमचं दार नुसतं लोटून अंघोळ करू लागली. एकटी राहते, चालून जातं.

पण आवाज चालून जाईना. एका मोठ्या कंपनीचं काम हातात होतं. त्यांच्या सगळ्या हेल्पलाइनवर ताईचाच आवाज जाणार होता, वर्षभराची निश्चिंती होती. कंपनीनं दोनदा रेकॉर्डिंग परत पाठवलं. मागे धडधड येते म्हणाले. आमच्याकडे मशीनचा आवाजही तयार आहे, असंही म्हणाले, पण प्रेमानं.

आणि मग एके दिवशी ताईचा फोन आला.

"अरे, तुझी बायको मगाशी माझ्याकडे येऊन गेली का?"

"नाही. का?"

"मग माझ्या घरात 'झालं का' कोण म्हणालं?"

मी गेलो. तिनं मला हेडफोन लावला.

ताईचा आवाज. "आपण रांगेत आहात..."

धाडकन. वजन.

पैलवानाच्या बायकोचं "अगं आई, ऐक तर!"

मग जरा शांत. आणि मग...

टक. टक टक.

बोटाच्या पेरानं लाकडावर ठोकल्यासारखं. आणि एक बाईचा आवाज. दमलेला. पण अगदी सभ्य...

"झालं का?"

माझ्या अंगावर काटा आला. आवाज भयंकर होता म्हणून नव्हे. ओळखीचा प्रश्न होता म्हणून. प्रत्येक घरात रोज सकाळी हा प्रश्न बाथरूमच्या दारावर ठोकून विचारला जातो. आमच्याकडे तर मलाच विचारला जातो. बाहेरचा माणूस आतल्याला विचारतो.

ताईच्या कपाटामागे बाथरूमची भिंत होती. ठोकणं तिथूनच येत होतं.

म्हणजे इथे... आतलं माणूस बाहेरच्याला विचारत होतं.

बाथरूममध्ये कुणी नव्हतं. बादली कोरडी. दार सताड उघडं. फक्त कडी... उघड्या दाराची कडी पूर्ण बाहेर सरकलेली होती. लावल्यासारखी. आतून.

समोरच्या घरात एक वकीलबाई राहतात. ताईनं त्यांना सहज विचारल्यासारखं विचारलं, "माझ्याआधी इथे कोण होतं?"

वकीलबाई सहज सांगितल्यासारखं म्हणाल्या, "मालकांनी नाही सांगितलं? नाहीच सांगणार. निवृत्त शिक्षिका होत्या. एकट्या. बाई म्हणायचो आम्ही सगळे."

"कुठे गेल्या?"

"कुठे म्हणजे... बाथरूमची कडी अडकली ना त्यांची. आत राहिल्या. ठोकलं असेल, ओरडल्या असतील. मी कोर्टात. खालचे गावाला. आणि वर तर तुम्हाला माहीतच आहे काय चालतं. दाराशी पेपर साठले तेव्हा कळलं."

ताईनं विचारलं, "कडीबद्दल त्यांनी मालकांना..."

"सांगून सांगून थकल्या. रोज फोन करायच्या बिचाऱ्या. शेवटी शेवटी फक्त एवढंच विचारायच्या, झालं का?"

"आणि नंतर? त्या गेल्यावर तरी दुरुस्त केली ना?"

"रंगवली," वकीलबाई म्हणाल्या.

ताईनं त्याच दिवशी मालकांना फोन केला.

"अहो, त्या बाईंचं वयच झालं होतं," मालक म्हणाले.

"कडीचं वय झालं होतं."

"बघा, तुम्ही उगाच मनाला लावून घेता. मी माणूस पाठवतो. वरच्यांशीही बोलतो. आवाज बंद. झालंच समजा."

फोन ठेवला आणि डोक्यावर धाडकन आवाज झाला. इतका, की तडकलेल्या काचेचा एक तुकडा खाली पडला.

ताई माझी बहीण आहे म्हणून सांगतो, तिचा संताप ओरडून बाहेर येत नाही. तिचा आवाज आणखी गोड होतो. ती उठली, बाथरूमच्या दाराशी गेली आणि ज्या आवाजात ती लोकांना रांगेत थांबवते त्याच आवाजात म्हणाली,

"बाई, मालकांकडून काही होणार नाही. तुमचंही काम झालं नाही, माझंही होणार नाही. आता तुम्हीच बघा."



कडी... हळूच आत सरकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई कपाटात बसली. वाचायला सुरुवात केली. आणि मध्येच थांबली.

वर आवाज नव्हता.

वजन नाही. हुंकार नाही. फोन नाही. तिला वाटलं, गेले असतील कुठेतरी. पण छताचा दिवा हलत होता. वर कुणीतरी नाचावं तसा हलत होता. आणि आवाज मात्र...

अजिबात नाही.

तिनं दार उघडलं. जिन्यात पैलवान उभा होता. मानेच्या शिरा फुगलेल्या. तोंड आ वासलेलं. तो ओरडत होता. मागे त्याची बायको ओरडत होती.

ऐकू काहीच येत नव्हतं.

"काय म्हणता?" ताईनं विचारलं.

पैलवानानं हातातलं वजन जिन्यावर आपटलं. पायरीचा टवका उडाला. टवका खालपर्यंत घरंगळत गेला, त्याचा आवाज आला. वजनाचा नाही आला.

दोघं धावत खाली गेली. फाटकाबाहेर पाऊल टाकलं आणि पैलवानाच्या बायकोची किंकाळी नाक्यापर्यंत ऐकू गेली. घाबरून दोघं परत आत आली. पुन्हा गप्प. बाहेर गेली, आवाज. आत आली, गप्प. वकीलबाई गॅलरीतून बघत होत्या. त्या म्हणाल्या, आयुष्यात पहिल्यांदाच या दोघांकडे बघवलं.

डॉक्टरांनी घसा तपासला. घसा उत्तम होता. त्यांच्या दवाखान्यात आवाजही उत्तम होता, इतका की डॉक्टरांनीच हळू बोला म्हणून सांगितलं.

आठवड्याच्या आत दोघांनी घर सोडलं. सामान उतरवताना हमालांचा आवाज येत होता. त्या दोघांचा नाही.

"तुला भीती नाही वाटली?" मी ताईला विचारलं.

"वाटली ना," ती म्हणाली. "पण त्या दिवशी अर्धं रेकॉर्डिंग एका दमात झालं रे."

हे बोलताना ती हसली. मला ते हसू फारसं आवडलं नाही.

आता तो मंगळवार.

उरलेलं रेकॉर्डिंग संध्याकाळपर्यंत पोचवायचं होतं. नाहीतर काम मशीनला. ताईनं मला बोलावून घेतलं होतं, कुणी बेल वाजवू नये म्हणून बाहेरच्या खोलीत पहारा द्यायला. माझी नोकरी अशी आहे की मंगळवारी दुपारी मी नसलो तरी कुणाला कळत नाही.

ताई कपाटात शिरणार तेवढ्यात मालक आले. बूट घालून सरळ आत. मालक लोक स्वतःच्या घरात बूट काढत नाहीत.

"वरचे गेले," मालक म्हणाले. आज ते गोड नव्हते. "जागा रिकामी पडलीय. लोकांना काहीबाही सांगताय म्हणे तुम्ही. भूत-बीत."

"मी कुणाला काही सांगितलेलं नाही. आवाज बंद करतो म्हणून तुम्हीच म्हणाला होता. झाला."

"हे बघा ताई, पुढच्या महिन्यात तुम्हीही दुसरीकडे बघा. मला कटकट नकोय."

हे कपाट, त्या रजया, ही शांतता, सगळं आज कुठे जरा जुळून आलं होतं. मला तिचा चेहरा दिसला. एकदम शांत झाला.

"ठीक आहे," ती गोड आवाजात म्हणाली. "जाईन. तेवढी कडी बघून घ्या. पुढच्या माणसाला तरी त्रास नको."

"काय झालंय त्या कडीला? सगळ्या बायकांना त्या कडीचंच पडलेलं असतं!" मालक तरातरा बाथरूमकडे गेले. "ही बघा. अशी लागते. अशी उघडते. लोण्यासारखी चालते. आतून लावून दाखवू?"

"दाखवा," ताई म्हणाली.

मालक आत गेले. दार लागलं.

खट्ट.

ताई माझ्याकडे वळून म्हणाली, "मी बसते कामाला. आवाज करू नकोस." ती कपाटात गेली, हेडफोन लावला आणि दार ओढून घेतलं.

मी पेपर उघडला.

आणि मग... काहीच नाही.

म्हणजे खरोखर काहीच नाही. रस्ता नाही, पंखा नाही, पेपरचं पान उलटलं त्याचा आवाज नाही. मला वाटलं, दुपार आहे, जेवण अंगावर आलंय. मालक कधीच निघून गेले असतील असंही वाटलं. दाराशी त्यांचे बूट नव्हते. ते त्यांनी काढलेच नव्हते, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. मी चहा करून प्यालो. मग दुसऱ्यांदा केला. चमचा खाली पडला. तोही गप्प पडला.

खिडकीतलं ऊन भिंतीवरून सरकत दिसेनासं झालं, तेव्हा ताई कपाटातून बाहेर आली. हेडफोन गळ्यात.

"झालं," ती म्हणाली. "पाठवून दिलं."

"मालक कधी गेले?"

तिनं माझ्याकडे बघितलं. "बाथरूम बघ."

मी बोटानं दार ढकललं. ते उघडलं. कडी लागलेलीच नव्हती.

मालक पालथ्या बादलीवर बसले होते. दोन्ही कानांवर हात घट्ट दाबून. नखं फुटलेली. दाराच्या आतल्या बाजूचा नवा रंग खरवडून निघालेला. खालून जुना रंग दिसत होता. त्यावरही ओरखडे होते. ते मात्र... जुने होते.

"वरचे... वरचे परत आले का?" मालकांचा घसा पार बसला होता.

"वर कुलूप आहे," मी म्हणालो. "किल्ली तुमच्याकडेच असेल."

"वजनं टाकतायत. केव्हापासून. त्याची बायको ओरडतेय. मी हाका मारतोय, लाथा मारतोय... त्यांच्या गोंगाटात कुणाला ऐकूच जाईना..."

मी कान देऊन ऐकलं. वर चिटपाखरू नव्हतं.

"पाणी देऊ?" ताईनं विचारलं. तोच आवाज. रांगेत थांबवणारा.

मालकांनी तिला हात जोडले आणि भिंतीला धरत धरत जिना उतरले. दुसऱ्या दिवशी सकाळी सुतार आला. कडी काढून टाकली. काच बसवली. जागा सोडायचं पुन्हा कुणी नाव काढलं नाही.

इथे गोष्ट संपली असती तर मी ती तुम्हाला मजा म्हणून सांगितली असती.

पण मी त्या दुपारचं रेकॉर्डिंग ऐकलं.

"आपण रांगेत आहात," ताई म्हणते. आणि मागे, दबलेला, पण स्पष्ट... मालकांचा आवाज. "उघडा! अहो, कुणी आहे का?"

धाडकन. रिकाम्या घरातलं वजन.

"आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे."

"ताई! दार उघडा! हात जोडतो!"

"कृपया प्रतीक्षा करा."

आणि त्या सगळ्यात मधूनमधून एक बाईचा आवाज. दमलेला, सभ्य. "झालं का?"

आणि मालक, रडत, सवयीनं... "झालं, झालं! झालंच समजा!"

पुन्हा... "झालं का?"

हे दुपारभर चाललं होतं. मी बाहेर बसून एक शब्द ऐकला नाही, हे मी कुठेही सांगायला तयार आहे. पण ताईच्या कानाला हेडफोन होता. माईक जे ऐकतो ते सगळं हेडफोनमध्ये येतं. तिचं वाचन मात्र कुठेही अडखळलेलं नव्हतं. एका जागी मालक खूप वेळ ओरडतात, तिथे ती थांबली आहे. त्यांचं संपू दिलंय. मग पुढचं वाक्य घेतलंय.

"ताई," मी विचारलं, "तुला हे सगळं ऐकू येत होतं?"

ती रजयांवरची धूळ झटकत होती.

"काम चालू असताना मी मध्ये उठत नाही," ती म्हणाली.

'झालं का' विचारणारा तो बाईचा आवाज कुणाचा, हे मी तिला विचारलेलं नाही. मला तो ताईचा वाटला नाही. एवढंच मी सांगू शकतो. पण तिचं पोटच आवाज बदलण्यावर आहे, तेव्हा माझ्या वाटण्याला फारसा अर्थ नाही. मी अजूनही तिच्याकडे जातो. चहा घेतो. बाथरूमला जात नाही. बायको म्हणते, तुझ्या वयात हा बाणा फार दिवस टिकणार नाही.

कंपनीनं रेकॉर्डिंग परत पाठवलं. मागे फार गोंगाट आहे म्हणाले, आणि काम मशीनला दिलं.